रेंजरच्या पर्यायी क्षमता घेण्याआधी

कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राचा तक्ता) भरायला घेण्याआधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला, गाठा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत रेंजर या रानात वावरणाऱ्या लढवय्या पात्राला मूळ क्षमतांऐवजी घेता येणाऱ्या या पर्यायी क्षमता २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात आल्या आणि त्या चालतील की नाही, हे डीएम ठरवतो. त्याच बोलण्यात कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, कुठे घडणार आहे, तेही विचारून घ्या. सगळी गोष्ट एकाच जंगलात किंवा वाळवंटात घडणार असेल तर जुनी ‘नॅचरल एक्सप्लोरर’ दमदार ठरते: तिथल्या लांबच्या प्रवासात जादूखेरीज पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) वाट चुकत नाही आणि तुम्ही अन्न शोधलंत तर दुप्पट मिळतं. आता विचारा, डीएम प्रवास खेळवतो का, की ‘तीन दिवसांनी तुम्ही पोचलात’ म्हणून मोकळा होतो? मोकळा होत असेल तर ती सोडाच. माझी तिच्याबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. वाट चुकण्याचा धोकाच संपतो, मग रेंजरने वाट शोधून दाखवायची कधी? तिच्याऐवजी मिळणारी ‘डेफ्ट एक्सप्लोरर’ एका स्किलचा प्रोफिशियन्सी बोनस (फाशाच्या आकड्यात पडणारी प्रावीण्याची भर) दुप्पट करते, वर दोन भाषा देते. फासे मात्र तुम्हीच टाकता. मी बहुतेक वेळा तीच घेते.

जुन्या ‘फेव्हर्ड एनिमी’ऐवजी मिळणाऱ्या ‘फेव्हर्ड फो’पाशी घाई नको, कागद घेऊन बसा. पहिल्या लेव्हलला खुणावलेल्या शत्रूवर घाव बसला की आपल्या टर्नमध्ये एकदाच डी४ (चार बाजूंचा फासा) इतकं जादा नुकसान, म्हणजे सरासरी अडीच, आणि लाँग रेस्टपर्यंत (मोठ्या विश्रांतीपर्यंत) वापर दोनदाच. त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे एका वेळी एकाच गोष्टीवर धरता येणारं लक्ष. ‘हंटर्स मार्क’ या रेंजरच्या स्पेललाही (मंत्रालाही) लागतं, त्यामुळे दुसऱ्या लेव्हलला तो स्पेल घेतलात की दोन्ही एकत्र चालत नाहीत. मार्क प्रत्येक घावाला डी६ देतो, पण स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) आणि बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली एक जादा छोटी कृती) खातो. दोन हत्यारांनी लढणार असाल तर तीच बोनस अ‍ॅक्शन दुसऱ्या वारासाठी हवी असते. अशांनी ‘फेव्हर्ड फो’ जरूर घ्यावा. धनुष्यवाल्याची ती अडचण सहसा नसते. तुम्ही निवडाल तो शत्रू कॅम्पेनभर भेटणार असेल, तर माग काढताना आणि त्याची माहिती आठवताना अ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) देणारा जुना ‘फेव्हर्ड एनिमी’च ठेवा, कॉन्सन्ट्रेशनही मोकळं राहतं.

दोन्ही बदल स्वतंत्र आहेत, एक घेऊन दुसरा सोडता येतो. पार्टीत सर्व्हायव्हल (माग काढणं, वाट शोधणं यांचं स्किल) आधीच कोणी सांभाळतंय का, तेवढं पाहून घ्या आणि पहिल्या दोन-तीन सेशननंतर निवड बदलू द्याल का, हे डीएमकडून आधीच कबूल करून घ्या.