मेलरोजच्या मठाधिपतींची परंपरा कशी लावावी

हलशी-खानापूरकडचे शिलालेख वाचून वंशावळ जुळवणाऱ्या आपल्या सीमाभागातील अभ्यासकांनी स्कॉटलंडमधील मेलरोज या सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती संन्यासी संघाच्या) मठाचे प्रमुख क्रमाने लावून पाहावेत, कारण या कामाची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. आरंभ पक्क्या नोंदींपासून करावा: राजा पहिला डेव्हिड याने ११३६ मध्ये मठ स्थापिला, पहिला मठाधिपती रिचर्ड ११४८ मध्ये पदावरून दूर झाला आणि राजाचा सावत्र मुलगा वॉल्थेफ ११५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गादीवर राहिला.

पुढे दानपत्रांच्या शेवटची साक्षीदारांची नावे तपासावीत. तेथे पुष्कळदा केवळ आद्याक्षर असते. एवढ्यावरून माणूस ठरवू नये, त्याच पत्रातील इतर साक्षीदारांच्या काळाशी ते ताडून घ्यावे.

खरी कसोटी कालगणनेची आहे. स्कॉटलंडमध्ये १६०० पूर्वी नवे वर्ष सामान्यतः २५ मार्चला धरले जात असल्याने फेब्रुवारी १३२० चे पत्र आजच्या हिशेबाने १३२१ चे असते. शकात एरवी ७८ मिळवणारे आपण माघ-फाल्गुनातील तिथीला ७९ मिळवतो, तशीच ही दक्षता आहे. यादीत मूळ वर्ष आणि दुरुस्त वर्ष शेजारी-शेजारी लिहावे, नाहीतर दोन मठाधिपती एकाच वेळी गादीवर दिसतात.

सोळाव्या शतकात मठाचे उत्पन्न भोगणारे नियुक्त प्रमुख येतात. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याचा अनौरस मुलगा जेम्स स्ट्युअर्ट याला हे पद बालवयातच मिळाले. अशांना वेगळ्या रकान्यात ठेवावे.