होडीचं आउटबोर्ड इंजिन तापवणाऱ्या आणि मध्येच बंद पाडणाऱ्या या चुका टाळा

मालवण जेटीवर होडीचं इंजिन सुरू झालं की चालवणाऱ्याची मान आपोआप मागे वळते. कडेने पाण्याची बारीक धार पडताना दिसली की 'धार पडता मा, मगे झाला' आणि नांगर वर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या मारणारे, देवबागला डॉल्फिन दाखवायला नेणारे, पहाटे जाळी मारायला जाणारे, सगळ्यांचं तेच. धार बघायची सवय चांगलीच आहे, पण त्या धारेवर लोक नको तितका विश्वास टाकतात. तापून जाम झालेली कितीतरी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगलेली आउटबोर्ड इंजिनं, धार व्यवस्थित पडत असतानाच बसलेली असतात.

धार काय सांगते आणि काय सांगत नाही

पाणी आत येतं ते खाली, होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या जरा वर असलेल्या जाळीतून. तिथेच इंजिनापासून खाली पंख्याकडे येणाऱ्या दांड्यावर, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टवर, रबरी पात्यांचं चाक, इम्पेलर, बसवलेला असतो. तो पाणी नळीतून वर ढकलतो, ते सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरतं, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उघडणारी झडप, उघडला की पुढे सरकतं आणि धुराबरोबर खाली समुद्रात जातं. आपल्याला दिसणारी धार ही या वाटेतली एक छोटी फांदी. बऱ्याच मॉडेलमध्ये ती थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. म्हणजे पंप पाणी वर चढवतोय एवढंच ती सांगते. पुढचा रस्ता मिठाने तुंबलाय की थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, हे तिला कळायचं कारण नाही.

म्हणून धार नुसती बघू नका, तिला हात लावा. सुरुवातीला गार असते, पाच-दहा मिनिटांनी बहुतेक इंजिनांत कोमट होते. आपल्या इंजिनाची धार एरवी किती कोमट लागते आणि किती लांब पडते हे ओळखीचं असलं, की बिघाड लवकर हाताला लागतो. धारेत वाफ दिसली किंवा हात ठेवता येईना, तर लगेच थ्रॉटल, म्हणजे वेग, कमी करायचा.

उलटंही होतं. पंप ठणठणीत असतो, पण धारेच्या भोकात वाळूचा कण किंवा मिठाचा खडा बसून धार बंद पडते, आणि माणूस घाबरून लोअर युनिट, म्हणजे पंप आणि पंखा असलेला खालचा भाग, उतरवायला बसतो. आधी इंजिन बंद करून त्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घालून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. तार वापरलीत तर हलक्या हाताने, आतलं प्लास्टिकचं नोजल सहज फुटतं.

कधी तापतं, यावरूनही अंदाज येतो. हळू चालताना तापतं आणि वेग दिला की निवळतं, तर इम्पेलर झिजलाय. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम) त्याला पाणी चढवता येत नाही, जास्त फेऱ्यांवर कसंबसं निभतं. उलट, हळू चालताना ठीक आणि वेगात अलार्म वाजतो, तर जाळी अर्धवट तुंबलीय, पोकळ्यांत खार साचलाय किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

ही सगळ्यात लोकप्रिय 'दुरुस्ती'. इंजिन तापतंय ना, मग थर्मोस्टॅटच काढून टाका, पाणी भराभर फिरेल. पाणी फिरतं आणि त्या दिवशी इंजिन तापतही नाही, म्हणून मेकॅनिक हुशार ठरतो. पण इंजिनाला ठरलेल्या तापमानावर चालायचं असतं. फोर-स्ट्रोक इंजिन सतत गार राहिलं तर न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, मालक खूश होतो की ऑइल खात नाही. त्या ऑइलचा वास घेऊन बघा. पेट्रोलचा वास आला तर बेअरिंगांना ऑइल नाही, पातळ पाणीच मिळतंय असं समजा. टू-स्ट्रोकमध्ये प्लग काळे पडतात आणि कार्बन साचतो.

गाडीचा थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांना उघडतो, आउटबोर्डचा बहुधा 50 ते 60 च्या आसपास. खाऱ्या पाण्यातला खार जास्त तापमानाला भराभर चिकटतो, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आकार जुळला म्हणून भलत्याच इंजिनाचा थर्मोस्टॅट बसवणं हीसुद्धा त्याच जातीची चूक.

तपासायला दहा मिनिटं लागतात. थर्मोस्टॅट काढा, पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि गार झाल्यावर घट्ट मिटला तर तो चांगला आहे. नुसता खार चढला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासा. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही इंजिनात घालू नका. खार जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमही जातं.

इम्पेलर: मोडल्यावर बदलायची वस्तू नाही

रबराची पाती असलेलं हे एवढंसं चाक. आत बसताना पाती वाकलेलीच असतात आणि त्या वाकण्याच्या ताणावरच पंप चालतो. महिनोन्‌महिने इंजिन उभं राहिलं की पाती वाकलेल्या जागीच मुरतात आणि रबर कडक होतं. वरून काहीच दिसत नाही. रोज खाऱ्या पाण्यात आणि वाळूत चालणाऱ्या होडीला दरवर्षी नवा इम्पेलर घालावा, कमी वापर असला तरी दोन वर्षांपलीकडे ताणू नये. कर्ली नदीच्या मुखाशी किंवा सुनामी आयलंडच्या वाळूवर रोज होडी घासणाऱ्यांनी इम्पेलरबरोबर तो ज्यात फिरतो तो पंपाचा कप आणि खालची पत्रीही बघावी. त्यावर नखाला लागतील असे चरे पडले असतील तर नुसता नवा इम्पेलर घालून पाण्याला जोर येत नाही, पूर्ण किटच बदलावं लागतं.

बदलताना चार गोष्टी हमखास चुकतात. जुन्या इम्पेलरचं पातं तुटलेलं असेल तर तुकडा शोधल्याशिवाय युनिट बंद करू नका. तो वर नळीत किंवा पोकळीत जाऊन बसतो आणि नवीन इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. दुसरं, कप बसवताना वरून पाहत ड्राइव्ह शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. हा बहुतेक इंजिनांचा नियम, तरी आपल्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. ग्रीसऐवजी साबणाचं पाणी लावा. तिसरं, युनिट वर चढवताना पाण्याची नळी रबरी ग्रोमेटमध्ये (कडीत) बरोबर शिरली का, हे टॉर्च लावून पाहा. ती बाजूला सरकली तर सगळं नवीन असूनही पाणी मध्येच गळून जातं. चौथं, ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या टोकाला थापू नका. तिथे साचलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

आणि हो, अंगणात स्टँडवर टांगून 'चालू होतंय का बघू' म्हणत इंजिन कोरडं फिरवायचं नाही. पाणी हेच त्या रबराचं वंगण आहे, काही सेकंदांत पाती भाजून निघतात.

परत आल्यावरचा कंटाळा

दिवसभराच्या फेऱ्या संपल्या की इंजिन वर उचलायचं आणि घरी जायचं, इथून खऱ्या बिघाडाला सुरुवात होते. आत राहिलेलं खारं पाणी तापलेल्या धातूवर वाळतं आणि मीठ थराथराने चढत जातं. इंजिन आधी काही मिनिटं उभं ठेवून पाणी निथळू द्या, मग वर उचला, आणि शक्य तितक्या वेळा गोड्या पाण्याने धुवा.

किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने धुतलं तर न धुण्यापेक्षा बरं एवढंच. चव घेऊन बघा, गोडं पाणी लांबून आणावं लागलं तरी चालेल. ड्रममध्ये इंजिन चालवून धुणार असाल तर पंखा काढा, न्यूट्रलला ठेवा आणि पाणी जाळीच्या बरंच वर असू द्या. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, हळू चालवा, नाहीतर वरच्या पोकळ्या धुतल्याच जात नाहीत. जाळीवर बसवायचे रबरी कप वापरत असाल तर आधी नळ सोडा, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. पाइप थेट जोडायची सोय असलेल्या अनेक इंजिनांत मात्र इंजिन बंद ठेवूनच धुवायचं असतं. पुस्तिका कपाटात ठेवायला दिलेली नाही.

अलार्म वाजला तर

बझरची वायर काढणारे महाभाग आहेत, त्यांना सांगून उपयोग नाही. बाकीच्यांनी थ्रॉटल कमी करून न्यूट्रल घ्यावं आणि धार बघावी. धार नसेल तर इंजिन बंद, पण खाडीत ओढ असेल तर आधी नांगर. मग इंजिन उचलून जाळी बघा. पावसानंतर खाडीतून वाहून आलेली प्लास्टिकची पिशवी हा नेहमीचा गुन्हेगार. तापलेल्या इंजिनावर बादलीने समुद्राचं पाणी ओतू नका. त्याने गरम धातूला तडा जाऊ शकतो आणि वायरिंगची वाट लागते. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

जाळी साफ आहे, इम्पेलर नवा आहे, तरी लाटांत किंवा वळणावर तापतं? इंजिन मागच्या फळीवर फार उंच बसवलंय का बघा. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या पातळीत असावी. उंच फळीच्या होडीला शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याचं, इंजिन लावलं की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

दोष पाण्याचा नसतो तेव्हा

पाच-दहा मिनिटं चालून बंद, थोडं थांबलं की पुन्हा चालू: आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहा. इंधनाच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी पंप आत चेपलेला दिसला तर उत्तर तिथेच आहे.

पेट्रोलच्या इंजिनात स्वस्त पडतं म्हणून रॉकेल मिसळलं तर इंजिन ठोके मारतं, तापतं आणि शेवटी पिस्टनला भोक पडतं. रॉकेलवर चालणारी इंजिनं कमी कॉम्प्रेशनची, वेगळी असतात, आणि तीही सुरू आणि बंद पेट्रोलवरच करायची असतात. टू-स्ट्रोकला पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, मोजून. अंदाजे बाटली उपडी करून नव्हे.

पेट्रोल पंपावरच्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचं प्रकरण नवीन आहे. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं. दमट हवेत अर्धी टाकी महिनाभर पडली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये तो तळातला थर ऑइलविना इंजिनात जातो. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि इंधन ताजं ठेवा.

मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. इंजिन उतरवण्याआधी गोड्या पाण्याने धुवा आणि कार्ब्युरेटर रिकामा करा. मग प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून फ्लायव्हील हाताने फिरवा. टेम्पोत आडवं नेताना लोअर युनिट वरच्या भागापेक्षा उंच राहू देऊ नका, उरलेलं पाणी उलट सिलिंडरात जातं. फोर-स्ट्रोक असेल तर खूण केलेल्या बाजूवरच आडवं ठेवा. गिअर ऑइल याच वेळी काढून बघा. दुधासारखं पांढरं निघालं तर आत पाणी शिरलंय, आणि पंख्यामागे गुंडाळलेल्या तंगुसाने सील कापलेलं असण्याची शक्यता मोठी. पंखा काढून तिथे बोट फिरवलं की कळतं. नवं सील ऑगस्टच्या गर्दीआधीच टाकून घ्या, नंतर मेकॅनिकला वेळ नसतो.