गजकर्ण: ट्यूब घेण्याआधी चट्टा पाहा

रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडे बायामाणसं सकाळपासून धानाच्या बांधीतल्या चिखलात असतात. संध्याकाळी पायाच्या करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली दिसते, त्या चिखल्या. जांघेत किंवा कमरेला गोल चट्टा उठला की गजकर्ण. दोन्हींचं मूळ बुरशी.

आधी उजेडात पाहा. गजकर्णाची कड लालसर, उठलेली, खवलेदार; मधली कातडी त्या मानानं साफ. खाज तर सुटतेच. चट्टा फिकट असून खाज नसेल, तर त्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाची वात चट्ट्यावर हलकेच टेकवा. कापसाला आपल्याकडे काय तोटा! स्पर्श कळला नाही तर ते गजकर्ण नव्हे. कुष्ठरोगाचा संशय धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथे औषध मोफत मिळतं. स्पर्श कळला, पण चट्टा हटेना, तरी दाखवाच.

आता ट्यूब. ‘खाजेची द्या’ म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइड घातलेलं मिश्रण हाती पडतं. मीही ते लावलं होतं. दोन दिवसांत खाज गेली, महिनाभरात चट्टा तळहाताएवढा झाला. स्टेरॉइडनं लाली दबते, बुरशी मात्र मोकळी पसरते. म्हणून बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासोल, बेटामेथासोन दिसलं तर परत करा. नुसतं बुरशीचं औषध, क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन, मागा. अंग कोरडं करून, कडेच्या दोन बोटं बाहेरून आत लावत या. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे सोडू नका.

करदोडा काढून ठेवा. आजी रागावेल, पण तो दिवसभर घामानं ओला राहतो आणि बुरशी तिथेच टिकते. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्याचाही उपचार सोबतच व्हावा, नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

चट्टे पसरले किंवा परत आले तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. ते कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असली तर तिचे धागे दिसतात. ते पोटात घ्यायच्या गोळ्या देणार असतील, तर गरोदरपण किंवा यकृताचा त्रास आधी सांगा.

नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल तर तपासणीशिवाय गोळी नको. ठेच लागूनही नख तसं होतं. बुरशी ठरली तर टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखांना साधारण 6 आठवडे, पायाच्यांना 12. गोळ्या संपतात तेव्हाही पायाचं नख जुनंच दिसतं; ते पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मुळाशी स्वच्छ पट्टी वर सरकताना दिसली, की औषध लागू पडलं.