आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला? फॉर्म भरायची घाई करू नका

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सिस्टिमचं काम बघायला लागून दोन महिने झाले होते. एका सोमवारी गिऱ्हाइकांना मेलने पाठवलेली कोटेशनं ५५० (मेल नाकारला) एरर घेऊन परत यायला लागली. बाउन्समध्ये स्पॅमहॉसचं नाव, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या ठेवणारी संस्था. मी लिंक उघडली, डीलिस्टचा (यादीतून नाव काढायचा) फॉर्म भरला आणि चहाला गेलो. संध्याकाळी मेल सुरू, बुधवारी परत बंद. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

आधी कुठल्या यादीत आहात ते वाचा. पीबीएल (ज्यांनी थेट मेल पाठवू नये अशा आयपींची यादी) असेल तर घाबरू नका. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी त्यात असतातच, कुणी तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. डीएनएसवरून स्पॅमहॉसला आमचा आयपी विचारला की उत्तर १२७.०.०.४ येत होतं, म्हणजे एक्सबीएल: आयपीमागचं एखादं मशीन बाधित. (८.८.८.८ या गूगलच्या पब्लिक डीएनएसवरून विचारलंत आणि १२७.२५५.२५५.२५४ आलं तर ते लिस्टिंग नव्हे. अशा पब्लिक रिझॉल्व्हरला स्पॅमहॉसवाले उत्तर देत नाहीत, एवढंच.)

एवढं समोर लिहिलेलं असून मी आठवडाभर मेल सर्व्हरच धुंडाळत बसलो. पासवर्ड बदलले, क्यू पाहिली, ओपन रिले (सर्व्हर कुणाचाही मेल पुढे ढकलतो का) तपासला. सगळं स्वच्छ! अहो, यादीत सर्व्हर जात नाही, पब्लिक आयपी जातो. आणि आमच्या त्या एका आयपीमागून ऑफिसातले सगळे पीसी बाहेर पडत होते, पाहुण्यांचं वायफायसुद्धा. शेवटी फायरवॉलवर मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांचं बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) बंद केलं आणि अडवलेल्या कनेक्शनचा लॉग चालू ठेवला. आउटलुकवाल्यांना काही फरक पडला नाही, ते पोर्ट ५८७ वरून जातात. दहा मिनिटांत एकच आतला पत्ता धडका मारताना दिसला: डिस्पॅचमधला विंडोज ७ चा पीसी. तो फॉरमॅट केला, मगच चौथा फॉर्म भरला. परत नाव आलं नाही.

‘नवा आयपी घेऊन टाक’ म्हणणारे सीनियर भेटतील. ऐकू नका, तोच पीसी नवा आयपीही बुडवतो. पैसे घेऊन लवकर नाव काढणाऱ्या याद्यांनाही मी दमडी देणार नाही.

जाता जाता पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी डीएनएस नोंद) बघून घ्या. तो तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये सहसा सापडत नाही, आयपी ज्यांचा त्या प्रोव्हायडरला मेल टाकावा लागतो. तो मेल तेवढा जीमेलवरून पाठवा.