म्युझिक फेस्टिव्हलला मित्रांसोबत जाताय? या चुका टाळा

उघड्या मैदानावरच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये सात-आठ जणांचा ग्रुप दिवसभर एकत्र राहत नाही. कोणाला पाणी हवं असतं, कोणी टॉयलेटच्या रांगेत अडकतं, कोणाला नेमका दुसऱ्या स्टेजवरचा बँड ऐकायचा असतो. तरीही बहुतेक ग्रुप "आपण सगळे एकत्रच राहू" एवढंच ठरवून आत शिरतात आणि मग अर्धी संध्याकाळ एकमेकांना शोधण्यात घालवतात. माझं ठाम मत आहे की जाण्याआधी कपडे आणि बॅगेवर जेवढी चर्चा होते, तेवढी 'पांगायचं कसं आणि पुन्हा भेटायचं कुठे' यावर झाली, तर निम्म्या अडचणी उभ्याच राहणार नाहीत. खालच्या बऱ्याचशा चुका याच एका गोष्टीपाशी येऊन ठेपतात.

सगळी तिकिटं एकाच्याच फोनमध्ये

ज्याने बुकिंग केलं त्याच्या फोनमध्ये सगळ्यांची तिकिटं, आणि तोच पार्किंग शोधत मागे राहिलेला. गेटवर असे ग्रुप नेहमी दिसतात. तिकीट ट्रान्सफर करायची सोय असेल तर आदल्या दिवशीच प्रत्येकाचं तिकीट त्याच्या त्याच्या फोनमध्ये पाठवा. ते इंटरनेट नसतानाही उघडतंय ना, हे घरीच फ्लाइट मोड लावून तपासा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. काही तिकिटांवरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो आणि तिथे जुना फोटो चालत नाही.

मनगटाला बांधायच्या रिस्टबँडमध्ये पैसे भरून खर्च करायची पद्धत असेल, तर तो रिस्टबँड आधी आपल्या नावावर नोंदवा. नोंद नसलेला रिस्टबँड हरवला की त्यातले पैसे तुमचे होते हे सिद्ध करणं अवघड जातं.

"स्टेजच्या उजवीकडे भेटू"

कोणाच्या उजवीकडे? प्रेक्षकांच्या उजवीकडे की स्टेजवर उभ्या असलेल्या गायकाच्या? स्टेजवर काम करणारी मंडळी उजवं-डावं कलाकाराच्या बाजूने मोजतात, प्रेक्षक आपल्या बाजूने. त्यात स्टेज एकापेक्षा जास्त असतील तर बघायलाच नको.

मेन गेटसुद्धा भेटण्यासाठी वाईट जागा, कारण तिथे थांबू देत नाहीत. स्टॉलची रांग संध्याकाळी तिप्पट होते आणि दुपारी मोकळा दिसणारा कोपरा रात्री माणसांनी भरून जातो. आत गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं याच कामाला द्या. सगळ्यांनी मिळून मैदानाला एक फेरी मारा आणि गर्दीच्या कडेला असलेली, जागची न हलणारी, अंधारातही उजेड असेल अशी एक खूण निवडा. नंबर लिहिलेला दिव्याचा खांब किंवा प्रथमोपचाराच्या तंबूची एखादी ठरावीक बाजू उत्तम. तिथे प्रत्येकाने प्रत्यक्ष उभं राहून बघावं, नकाशावर बोट ठेवून भागत नाही.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. "हा बँड संपला की पंधरा मिनिटांनी खांबापाशी, आणि तिथे पंधरा मिनिटं थांबायचं" असा नियम ठेवा. जो आला नाही तो पुढच्या वेळेला येईल असं धरून बाकीच्यांनी पुढे जायचं, आणि कोणी कोणावर रुसायचं नाही. मात्र सलग दोन वेळा कोणी आलं नाही आणि फोनही लागत नसेल, तर सुरक्षारक्षकांना सांगा.

नेटवर्कच्या भरवशावर राहणं

मोबाइल टॉवर एका वेळी ठरावीक फोनच सांभाळू शकतो. हजारो लोक एकाच मैदानात व्हिडिओ पाठवू लागले की स्क्रीनवर नेटवर्कच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही मेसेज जागचा हलत नाही. सातला पाठवलेला "आम्ही झाडाखाली आहोत" हा मेसेज पावणेआठला पोचतो, तोवर ती मंडळी दुसरीकडे गेलेली असतात, आणि वाचणारा माणूस रिकाम्या झाडाखाली उभा राहतो. त्यामुळे प्रत्येक मेसेजमध्ये वेळ लिहायची सवय लावा: "७:१० – मिक्सिंग डेस्कच्या मागे, ७:४० पर्यंत इथेच." (मिक्सिंग डेस्क म्हणजे साउंड इंजिनिअरचं आवाज जुळवायचं टेबल.) एवढ्या एका सवयीने फार गोंधळ टळतो.

इंटरनेट अडकलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला अगदी थोडी जागा लागते. लाइव्ह लोकेशनवर जपून विश्वास ठेवा; ते दहा-वीस मिनिटांपूर्वीचं असू शकतं.

बॅटरीचंही तसंच. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरला धरून ठेवायला जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. गाणी ऐकताना फ्लाइट मोड लावा, ठरलेल्या वेळेला काढा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकमधून आजचा साधारण फोन एक-दीड वेळा चार्ज होतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे आठ जणांत एक पॉवर बँक पुरणार नाही. आणि दोन मित्रांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडल्यावर कोणाचाच नंबर पाठ नसतो.

सगळ्यांनी सगळं एकत्रच ऐकायचा हट्ट

दोन आवडते बँड एकाच वेळी वेगवेगळ्या स्टेजवर असणं हे ठरलेलंच. वेळापत्रक आलं की प्रत्येकाने 'हे मी चुकवणार नाही' असा एकच कार्यक्रम सांगावा. मग त्या त्या वेळेला दोघा-तिघांच्या जोड्या आपोआप पडतात. एकटं कोणी जायचं नाही, पण सगळ्यांना फरफटत न्यायचंही नाही. एका स्टेजवरून दुसरीकडे जायला नकाशावर पाच मिनिटं दिसली तरी गर्दीत वीस लागतात, हे हिशेबात धरा.

पुढे उभं राहायचं की मागे, यावरूनही वाद होतात. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: आवाज सगळ्यात चांगला स्टेजपाशी नसतो. मैदानाच्या मधोमध मिक्सिंग डेस्क असतं आणि साउंड इंजिनिअर तिथे बसून, त्याच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरून सगळं जुळवतो. त्या डेस्कच्या किंचित मागे उभे राहा, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येईल. शिवाय तिथे श्वास घ्यायला जागा असते. आणखी मागे मधूनमधून स्पीकरचे मनोरे दिसतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे पोचायला त्याला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. म्हणून त्या मनोऱ्यांतला आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात. ज्यांना नाचायचंय त्यांनी पुढे जावं, ज्यांना ऐकायचंय त्यांनी डेस्कमागे, आणि नंतर खांबापाशी भेटावं.

गर्दीत पुढे घुसत जाणं

या चुकीबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण इथे जीव जातो.

डेन्मार्कच्या रोस्किल्ड फेस्टिव्हलमध्ये ३० जून २००० रोजी स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत ९ जण गेले. अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ रोजीच्या चेंगराचेंगरीत १० जण गेले, त्यातलं सगळ्यात लहान मूल ९ वर्षांचं होतं. जर्मनीत डुइसबर्गच्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात २४ जुलै २०१० रोजीच्या चेंगराचेंगरीत २१ जणांचा मृत्यू झाला, आणि ती स्टेजपुढे नव्हे तर आत-बाहेर जाण्याच्या वाटेवर झाली. अशा घटनांमध्ये लोक पायाखाली तुडवले गेले असं आपण समजतो. पुष्कळदा तसं नसतं. चहूबाजूंनी इतका दाब येतो की छाती फुलायला जागाच राहत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो.

धोक्याची पातळी मोजायला यंत्र लागत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत हालचाल करता येते. पाचाच्या वर गेली की धोका सुरू होतो. आपल्या अंगावरून ओळखायचं तर असं: दोन्ही हात सहज चेहऱ्यापर्यंत नेता येताहेत का? येत नसतील तर जागा सोडायची वेळ झाली. तुम्ही पाऊल न उचलता तुमचं शरीर डावी-उजवीकडे झुलतंय? मग ती वेळ टळून चाललीय, लगेच निघा.

निघताना गर्दीच्या उलट्या दिशेने मागे ढकलू नका. धक्का एकदा पुढे येतो आणि मग किंचित सैल पडतो. त्या सैल क्षणी तिरके, कडेच्या दिशेने सरका. हात मुठी वळून छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. एक पाय थोडा पुढे ठेवा. फोन किंवा चप्पल पडली तर पडू द्या, वाकू नका. कुंपण, भिंत, लोखंडी बॅरिकेड यांच्यापासून दूर राहा, कारण दाब तिथे येऊन साठतो. ओरडण्यात दम घालवू नका. पण शेजारचं कोणी पडलं तर मात्र ओरडा, हात पसरून जागा करा आणि त्याला उचला.

सहा-सात जणांनी हातात हात गुंफून साखळी करून पुढे घुसणं ही खास ग्रुपची चूक. दाब वाढला की साखळी अडकते, कोणाचा तरी खांदा पिरगळतो, आणि एकाला बाहेर पडायचं तर सगळे अडतात. दोघांनी एकमेकांना धरा, त्याहून जास्त नको. आणि एक शब्द आधीच ठरवून ठेवा. कोणीही "बाहेर" म्हटलं की त्याच्या जोडीदाराने कारण न विचारता त्याच्यासोबत निघायचं. "अजून एकच गाणं" हे त्या क्षणी बोलायचं नाही. आपल्या माणसाला तिथे बोलायची लाज वाटू नये, म्हणून हे आदल्या दिवशी ठरवायचं.

कानांना गृहीत धरणं

८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कानांना दिवसाला आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आणि प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत असंही सांगितलं.

फोमचे इअरप्लग "बसतच नाहीत" अशी तक्रार असते, कारण ते नुसते कानावर दाबले जातात. प्लग बोटांमध्ये फिरवून सुईसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. नीट बसला तर आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा येतो. गाणं दबून जातं असं वाटत असेल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या.

"झोपू दे त्याला, ठीक होईल"

उन्हात तासन् तास नाचल्यावर एखादा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर त्याला चढलीय असं समजून हसू नका. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्वचा कोरडी असेलच असं नाही. नाचून-धावून आलेल्या उष्माघातात घाम येत असतो. एकाने वैद्यकीय मदत आणायला पळावं, बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावं आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाणी कमी पिणं जसं वाईट, तसं घटाघटा नुसतं पाणीच पीत राहणंही वाईट. रक्तातलं सोडिअम उतरलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, गोंधळल्यासारखं होतं. दिवसभर थोडं थोडं प्या, मधूनमधून ओआरएस घ्या आणि काहीतरी खारट खा.

दारू जास्त झालेल्या मित्राला उताणं झोपवून निघून जाणं ही या सगळ्यातली सर्वांत निष्काळजी चूक. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि सोबत थांबा. हाक मारून, हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास संथ, अनियमित वाटला तर लगेच डॉक्टरांना बोलवा. त्याने काय घेतलंय ते त्यांना खरं खरं सांगा. मैत्रीखातर लपवलेली गोष्ट उपचाराला महागात पडते.

पाऊस आणि वीज

छत्रीने मागच्यांना काही दिसत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती आत नेऊही देत नाहीत. पावसाळी पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घ्या. विजेचं प्रकरण गंभीर आहे. जर्मनीतल्या रॉक ॲम रिंग फेस्टिव्हलमध्ये २०१५ साली विजेने ३३ जण जखमी झाले आणि २०१६ मध्ये ७० हून अधिक. तंबू, झाड आणि स्टेजचा लोखंडी सांगाडा हे आसरे नाहीत. पक्की इमारत किंवा धातूचं छत असलेली बंद गाडी हेच खरे आसरे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा. अशा वेळी भेटायची जागा खांबाऐवजी पार्किंगमधली गाडी, हेही आधीच ठरलेलं असावं.

मुक्काम आणि परतीची वाट

तंबू उताराच्या तळाला लावू नका, पाणी तिथेच येतं. वाटेच्या कडेलाही नको, रात्रभर लोक दोरीला अडखळतात. थंडी कितीही असली तरी गॅसची शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

शेवटचं गाणं संपताच सगळं मैदान एकदम गेटकडे वळतं. घाई नसेल तर अर्धा तास तिथेच बसा. गाडी लावतानाच रांगेच्या पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे तो सगळ्यांच्या फोनमध्ये असेल. चालवणारा कोण हे आधी ठरवा. त्याने प्यायची नाही हे उघडच आहे, पण दिवसभर उन्हात उभं राहून पहाटे स्टिअरिंगवर बसणंही तितकंच धोक्याचं. त्याला दुपारी सावलीत तास-दीड तास झोपू द्या, आणि निघताना डोळे मिटायला लागले तर गाडीतच सीट मागे करून सगळ्यांनीच झोप काढा, उजाडल्यावर निघा.