अल्झायमरची शंका असल्यास तपासण्या कशा करून घ्याव्यात
विस्मरण वाढल्यास प्रथम बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेमुळे आलेले विस्मरण औषधांनी सुधारू शकते. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रुग्णासोबत राहणारी व्यक्ती, चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू औषधांची यादी बरोबर असावी. ३० गुणांची स्मरणचाचणी मातृभाषेतच घेण्याचा आग्रह धरावा. शाळा फारशी न पाहिलेल्या आजींचे गुण केवळ लेखन-आकडेमोडीमुळेही घटतात, म्हणून शिक्षण किती झाले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग) आकसला आहे का आणि गाठ किंवा पक्षाघाताच्या खुणा आहेत का, हे पाहतात. पेसमेकर असल्यास आधीच कळवावे. निदान तरीही संदिग्ध राहिले, तरच अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिन दाखवणारा खर्चिक अमायलॉइड पेट स्कॅन किंवा कमरेतून सुईने काढलेल्या द्रवातील अमायलॉइड व टाऊ प्रथिनांची तपासणी विचारात घ्यावी.