लँथनम मँगनाइट: तो १५५ अंशांचा अँगल माझा नव्हताच

ऑक्साइडच्या मॅग्नेटिझमवर पीएचडी सुरू केलेल्यांसाठी लिहितोय. गुडइनफ-कानामोरी नियम तुम्हाला पाठ असणार, म्हणजे मेटल-ऑक्सिजन-मेटल अँगलवरून शेजारच्या स्पिनचं नातं: १८० अंशाला बहुधा अँटिफेरो (शेजारी उलट्या दिशेला), ९० च्या आसपास कमजोर फेरो (एकाच दिशेला), वगैरे. नेट-सेटपुरतं ते ठीक आहे.

मी पहिलंच सॅम्पल लँथनम मँगनाइट घेतलं. मँगनीज ३+ म्हणजे यान-टेलर, त्याच्याभोवतीचा सहा ऑक्सिजनचा ऑक्टाहेड्रॉन आपोआप ताणला जातो, तीन बाँड साधारण १.९१, १.९७ आणि २.१८ अँगस्ट्रॉम, त्यामुळे इलेक्ट्रॉनची ऑर्बिटल ओळीने लागतात आणि १४० केल्विनच्या आसपास ए-टाइप अँटिफेरो, म्हणजे थरात फेरो आणि थराथरांत उलटं. माझ्या सॅम्पलने मात्र झकास फेरोमॅग्नेटिझम दाखवला! आणि एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) म्हणतंय सगळं बरोबर, ऑर्थोऱ्हॉम्बिक, फिट सुंदर, मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज अँगल १५५.

इथेच मी जवळजवळ वर्षभर अडकलो, म्हणून सावकाश सांगतो. लँथनम जड, त्याच्यापुढे एक्स-रेला ऑक्सिजन दिसतो न दिसल्यासारखा, म्हणून मी ऑक्सिजनच्या जागा डाउनलोड केलेल्या सीआयएफ फाईलमधल्याच (म्हणजे दुसऱ्या कुणी प्रसिद्ध केलेल्या क्रिस्टल रचनेतल्या) फिक्स ठेवल्या होत्या आणि मग त्यांच्यावरनं अँगल काढला. म्हणजे तो अँगल त्या फाईलचा, मी तो रिपोर्टमध्ये माझा म्हणून लिहिला. हवेत भाजलं की ऑक्सिजन जास्तीचा होतो (खरं तर जाळीत त्याला जागाच नाही, लँथनम-मँगनीजच्या जागा रिकाम्या पडतात), काही मँगनीज ४+ होतं, त्याला यान-टेलर नाही, ताण सैल पडतो आणि डबल एक्स्चेंज घुसतं, म्हणजे ३+ वरून ४+ वर इलेक्ट्रॉन उड्या मारतो आणि स्पिन एका दिशेला आणतो, म्हणून फेरो. पीक बसतातच हो, सिमेट्री तीच असते! बघायचं होतं लॅटिसच्या लांब्यांकडे, ताणलेल्यात ५.७०, ५.५४ आणि (तुलनेसाठी) ७.७० भागिले रूट दोन म्हणजे ५.४४ अँगस्ट्रॉम, माझ्याकडे तिन्ही जवळपास सारख्या.

"काय-स्क्वेअर चांगला आला ना, मग पुढे जा" म्हणणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका (काय-स्क्वेअर म्हणजे फिट किती जुळला त्याचा आकडा), तो स्वतःच घाईत असतो. आयोडोमेट्रिक टायट्रेशन करा, स्वस्त आहे, मँगनीज ४+ किती ते कळतं. अँगल खरंच हवा तर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन, त्याला ऑक्सिजन नीट दिसतो; यूजीसी-डीएई सीएसआरच्या (विद्यापीठांना अशा मोठ्या सुविधा वापरू देणारी संस्था) मुंबई सेंटरमार्फत ध्रुव रिॲक्टरवर वेळ मागता येतो. घाबरू नका, सॅम्पल फेकूही नका, मी तीच पेलेट आर्गॉनमध्ये परत भाजली आणि फेरो गेला.

आणि लँथनम ऑक्साइड वजन करण्याआधी ९०० अंश सेल्सिअसला भाजून घ्या, ते हवेतलं पाणी पितं. माझ्या आधीच्या दोन बॅच त्यातच गेल्या, पण ते रडगाणं वेगळं.